पितळेवरचे आकडे

नव्या कार्बोरेटरचं खोकं उघडलं तेव्हा गॅरेजवाले काका म्हणाले, "डिट्टो तोच आहे की!" खरंच तोच होता. केबलचं टोपण त्याच जागी, चोकची दांडी तशीच, खालचा पेट्रोलचा वाडगाही तसाच. गाडी वडिलांची, १९९१ची यामाहा आरएक्स १००. जुना कार्बोरेटर तीस वर्षांत इतका झिजला होता की आतली स्लाइड खुळखुळायची आणि सिग्नलला उभी असताना गाडी आपणहून रेस व्हायची. नवा बसवला, पहिल्या किकला सुरू. गल्लीत फेऱ्या मारल्या, लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी हायवेला मूठ पूर्ण पिळून धरली आणि दोनेक किलोमीटरवर मागचं चाक एकदम जाम. क्लच दाबायचं सुचलं म्हणून आज हे लिहितोय. पिस्टन सीझ झाला होता.

रविवारी वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही कार्बोरेटर शेजारीशेजारी खोलले. भिंगातून पाहिलं तर ते जुळे भाऊ नव्हतेच. प्रत्येकाच्या पोटात पितळेचे चार-पाच तुकडे, त्यांवर मोहरीएवढ्या अक्षरांत कोरलेले आकडे, आणि एकही आकडा जुळत नव्हता. नव्यातला मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजणाऱ्या मुख्य भोकाचा तुकडा, जुन्यापेक्षा पंधरा नंबरांनी लहान होता. कोणता नंबर, ते मुद्दाम सांगत नाही. सांगितला की कुणीतरी तोच आणून आपल्या गाडीत बसवतो.

त्या रविवारपासून मला या वस्तूचं वेड लागलं. आधी ती नेमकं काय मोजते ते पाहू, कारण मोजमापच तोंडात बोट घालायला लावणारं आहे.

आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. म्हणजे आकारमान ९८ घन सेंटिमीटर, चहाच्या एका कपाएवढं. हा कप हवेने पूर्ण भरला असं धरलं तर त्यात साधारण ११६ मिलिग्रॅम हवा मावते. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते. हिशेब केला तर एका स्फोटाला पेट्रोल लागतं फक्त ८ मिलिग्रॅम, पाण्याच्या एका थेंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट. ही गाडी मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर सर्वाधिक ताकद देते, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा कुणीतरी थेंबाचा पाचवा हिस्सा मोजून हवेत सोडतंय. तोच कुणीतरी सिग्नलला गाडी पुटपुटत उभी असताना याहूनही कितीतरी कमी मोजतो. त्याला ना वीज लागते, ना सेन्सर, ना चिप.

उलट बाजूने पाहिलं तर आकडे थेट अवाढव्य होतात. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे ९,००० लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणा. जवळजवळ तेवढी हवा, एका लिटरमागे, नाण्याएवढ्या भोकातून ओढली जाते. पंपावर आपण पैसे देतो पेट्रोलचे, पण इंजिन मुख्यतः हवाच खातं. पेट्रोल म्हणजे तिच्यासोबतचं तोंडी लावणं.

आता युक्ती. जुन्या घरांत ढेकणांसाठी फ्लिटचा पंप असायचा तो आठवतोय? दट्ट्या ढकलला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून सुसाट जायची आणि खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर चढून फवारा व्हायचा. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये वेग आणि दाब यांचं नातं मांडलं. वाहत्या द्रवाची वाट मध्येच अरुंद केली की काय होतं त्यावर इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरी याने १७९७ मध्ये लिहिलं. कार्बोरेटरच्या त्या अरुंद गळ्याला आजही व्हेंचुरीच म्हणतात. हाच फवारा इंजिनाला जोडायची कल्पना १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी पेटंटसाठी मांडली. त्याच वर्षी जर्मनीत मायबाखनेही तसाच फवाऱ्याचा कार्बोरेटर केला. फुलांवर पाणी फवारणारी फूलवाली बघून बांकी आणि चोंका यांना ही कल्पना सुचली, असं बुडापेस्टला सांगतात. दंतकथा असेल. पण फ्लिटचा पंप वापरलेल्या माणसाला ती पटायला जड जात नाही.

आरएक्सच्या मिकुनी व्हीएम २० कार्बोरेटरचा गळा २० मिलिमीटरचा. ७,५०० फेऱ्यांवर त्यातून हवा सरासरी ताशी १४० किलोमीटर वेगाने जाते. गाडी स्वतः कधी एवढी पळली नाही. एवढ्या वादळातून मिळणारी ओढ किती? पेट्रोल जेमतेम १२ सेंटिमीटर वर उचलेल इतकीच, अर्ध्या वितीएवढी. ही वस्तू चालते ती इतक्या नाजूक फरकावर. म्हणून वाडग्यातल्या पेट्रोलच्या पातळीला, म्हणजे फ्लोटच्या उंचीला, इतकं महत्त्व. मूठ पूर्ण उघडी असताना पातळी दोन मिलिमीटर खाली असली तरी फारसं बिघडत नाही. कमी मुठीवर मात्र ओढच काही मिलिमीटरांची उरते, आणि मग तेच दोन मिलिमीटर डोंगर होतात. पातळी खाली गेली की गाडी अडखळते, वर गेली की ओव्हर होते आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास सुटतो. जेट बदलायच्या आधी फ्लोट मोजा, असं काका ओरडून सांगतात ते यासाठी.

नुसत्या गळ्याने मात्र भागत नाही. ताशी १४० च्या वाऱ्याला चालणारी युक्ती झुळकेला चालत नाही. म्हणून एका कार्बोरेटरच्या आत खरं तर चार कार्बोरेटर राहतात, एकमेकांच्या हद्दीत थोडी थोडी घुसखोरी करत. मूठ जवळजवळ बंद असताना मुठीच्या केबलला जोडलेली स्लाइड गळ्यात खाली असते. तेव्हा इंजिनाच्या बाजूची ओढ स्लाइडच्या मागच्या एका बारीक भोकातून पेट्रोल खेचते, आणि हिशेब पायलट जेटचा असतो. मूठ थोडी उघडली की स्लाइडच्या तोंडाला दिलेली तिरकी खाच बोलू लागते. पाव ते पाऊण मुठीपर्यंत राज्य नीडलचं: स्लाइडला टांगलेली निमुळती सुई एका पितळी नळीत वर-खाली होते, आणि ती जितकी वर तितकी भोवतालची फट मोठी. पाऊण मुठीच्या पुढे सुई इतकी वर गेलेली असते की ती फट फारशी अडवत नाही. मग सगळ्यात खालचा मेन जेट म्हणेल ती पूर्व दिशा.

यातली खोच लोकांच्या लक्षात येत नाही. या हद्दी गाडीच्या वेगावर ठरत नाहीत, फेऱ्यांवरही नाही. त्या ठरतात मूठ किती पिळली आहे यावर. "साठच्या पुढे मिस मारते" हे वाक्य निदानाला निरुपयोगी आहे. चढावर साठ म्हणजे पूर्ण मूठ असेल, उतारावर तीच साठ पाव मुठीवर मिळते. म्हणून मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करायच्या. कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहिलं की कोणत्या तुकड्याला जाब विचारायचा ते कळतं. पाच रुपयांच्या चिकटपट्टीने माझं जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच मीटरने केलं नाही.

आता त्या आकड्यांकडे. बदली कार्बोरेटर ओळखायचा म्हणजे हेच वाचायचं.

बाहेरची मापं सोपी. गळ्याचा व्यास व्हर्नियरने मोजायचा. इंजिनाकडचा भाग फ्लँजचा असेल तर दोन बोल्टमधलं अंतर पाहायचं, क्लॅम्पचा असेल तर नळीचा बाहेरचा व्यास. एअर फिल्टरकडचं तोंड, केबल कुठून येते, चोक कोणत्या बाजूला, हे सगळं पाच मिनिटांत होतं. दुकानदार इथेच थांबतो आणि आपणही. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात काउंटरवर जुना कार्बोरेटर ठेवायचा, शेजारी नवा ठेवायचा, मान डोलवायची, पैसे द्यायचे.

आतलं खरं. मेन जेटवर, समजा, १०० कोरलंय. शंभर काय? डेलॉर्टोसारख्या इटालियन पद्धतीत ते भोकाचं माप: शंभर म्हणजे १.०० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा मात्र व्यासाचा नाही, प्रवाहाचा: ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला किती घन सेंटिमीटर द्रव त्यातून जातो तो. म्हणजे दोन जेटांवर १०० लिहिलेलं असलं तरी ते दोन वेगळ्या भाषांमधले शब्द आहेत. गंमत पुढेच आहे. मिकुनीत १०० चा १०५ केला तर पेट्रोल पाच टक्के वाढतं. व्यासाच्या पद्धतीत १०० चा १०५ केला तर भोकाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, त्यामुळे पेट्रोल दहा टक्के वाढतं. एकाच पायरीला दुप्पट उडी! "पाच नंबर वाढवा" हा सल्ला कुठल्या भाषेतला ते विचारल्याशिवाय मानू नये.

व्यासाच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस साधारण त्याच्या सातपट जाड. आणि आपण काय करतो? कचरा आला म्हणून क्लच वायरचा एक पोलादी तंतू काढतो आणि पितळेच्या भोकात घासघासून घुसवतो. पोलादापुढे पितळ मऊ. दहा वर्षं अशी सफाई झालेल्या जेटवरचा आकडा म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं वजन, तेव्हाचं खरं असेल. जेट पेट्रोलने धुवावा, हवेने फुंकावा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का पाहावं. धुताना देवघरातली उदबत्ती विझवा, हेही सांगून ठेवतो.

नीडलवरची लिपी तर मला शिलालेखासारखी वाटते. समजा ५डीपी७ असं कोरलंय. पहिला आकडा लांबी सांगतो: ५ म्हणजे पन्नास ते साठ मिलिमीटरच्या दरम्यान. अक्षरं सांगतात सुई किती वेगाने निमुळती होते. ए म्हणजे पाव अंश, पुढचं प्रत्येक अक्षर पाव अंशाने जास्त. डी झाला एक अंश, पी झाला चार अंश. दोन अक्षरं आहेत म्हणजे सुईला दोन उतार आहेत, वर सौम्य, टोकाकडे तीव्र. कुणीतरी कधीतरी ठरवलं की अर्ध्या मुठीवर पेट्रोल हळूहळू वाढावं आणि पुढे झपाट्याने, आणि तो निर्णय एका अक्षरात कोरून ठेवला. सुई ज्या पितळी नळीत हलते तिच्यावरही अक्षर आणि आकडा असतो, ओ-८, पी-० असा. तिथे अक्षर एकाने पुढे गेलं की भोक ०.०५ मिलिमीटरने वाढतं, आकडा एकाने वाढला की ०.००५ ने. स्लाइडच्या खाचेवर २.५ असेल तर खाच अडीच मिलिमीटर उंच, आणि खाच जितकी उंच तितकी हवा जास्त.

आणि सुईच्या नळीतच सगळ्यात मोठा सापळा आहे. हवा वेगाने ओढली जाऊ लागली की नुसत्या गळ्याचं मिश्रण प्रमाणाबाहेर दाट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होत जातं. म्हणून पेट्रोल गळ्यात पोचायच्या आधीच त्यात थोडी हवा मिसळतात. फोर-स्ट्रोकसाठीच्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये या नळीच्या अंगाला चाळणीसारखी पुष्कळ भोकं असतात. टू-स्ट्रोकच्या नळीत बहुधा असं एकच भोक असतं, आणि गळ्यातल्या तोंडाशी एक छोटासा आडोसा. बाहेरून दोन्ही कार्बोरेटर हुबेहूब. फोर-स्ट्रोकचा २० मिलिमीटरचा कार्बोरेटर आरएक्सला बसतो, गाडी सुरूही होते, आणि पुढे महिनाभर माणूस जेट बदलत बसतो. आजार जेटमध्ये नसतोच. माझ्या मते बदली कार्बोरेटर घेताना मेन जेटच्याही आधी ही नळी काढून पाहावी. जेट बाजारात मिळतो, योग्य नळी मिळायला नशीब लागतं.

प्रत्यक्ष जेटिंग. रबरी जोडाला चीर नाही, फिल्टर साफ आहे, सायलेन्सरमध्ये काजळी नाही हे आधी पाहायचं. त्याशिवाय केलेलं ट्यूनिंग म्हणजे ताप असलेल्या माणसाचं कपड्याचं माप घेणं. कुठून सुरू करायचं यावर दोन घराणी आहेत. मी टू-स्ट्रोकसाठी मेन जेटकडून सुरुवात करणाऱ्यांतला, कारण पिस्टन तिथेच जातो. मुद्दाम मोठा जेट घालायचा आणि एकेक पायरी खाली यायचं. दाट मिश्रणाने गाडी फडफडते, धूर सोडते, प्लग काळा करते, पण जीव घेत नाही. पातळ मिश्रणात गाडी हलकी, चपळ वाटते. माझी त्या दिवशी कधी नव्हे इतकी छान पळत होती. जास्तीचं पेट्रोल आतून गारवाही देत असतं, ते कमी झालं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ धरायची, मग किंचित सैल करायची. सैल करताच गाडीने उलट जोर धरला तर मेन जेट लहान आहे. नाहीतर पूर्ण मुठीवरच इंजिन बंद करून क्लच दाबायचा, थांबून प्लग काढायचा. कॉफीच्या रंगाचा हवा. पांढरा दिसला तर तिथूनच गाडी ढकलत आणा.

मग नीडल. तिच्या डोक्यावर खाचा असतात, त्यांत क्लिप. क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली उतरते आणि मिश्रण पातळ होतं. शेवटी पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, सोडला की मिश्रण पातळ. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, सोडला की दाट. उलटं केलं तर काय होतं ते करून पाहिलेलं आहे.

टू-स्ट्रोकची एक गोष्ट मला कळायला बरीच वर्षं लागली. ऑइल पंप काढून टाकून टाकीतच ऑइल मिसळणारे पुष्कळ. "जास्त ऑइल टाकलं की इंजिन सुरक्षित," असं ते म्हणतात. पण जेट फक्त द्रव मोजतो, त्यातलं पेट्रोल किती हे त्याला कळत नाही. ऑइल वाढलं की त्याच भोकातून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं आणि मिश्रण पातळ होतं. काळजीपोटी ओतलेलं जादा ऑइल वंगणाची बाजू राखतं आणि जेटिंगची बाजू बिघडवतं.

उंचीचंही असंच. कार्बोरेटर हवेचं आकारमान ओळखतो, वजन नीट ओळखत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, चढलं की हवा सुमारे बारा टक्के विरळ होते. गणित वर्गमुळाचं असल्याने मिश्रण सात टक्क्यांच्या आसपास दाट होतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तेच वीस टक्क्यांच्या घरात जातं. लडाखला निघालेली जुनी कार्बोरेटरची गाडी तिथे धापा टाकते आणि प्लग काळे करते ते त्यामुळे.

आणि आता ऊस. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, वजनाच्या फक्त ९ पट. वीस टक्के मिसळल्यावर १४.७ चा आकडा साडेतेरावर येतो. १९९१ चा जेट हे जाणत नाही. तो जुन्या हिशेबाने तेवढंच द्रव सोडत राहतो आणि मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास पातळ होतं. म्हणजे आजचं पेट्रोल भरून, जुन्या जेटनिशी, महाबळेश्वरला गेलात तर उसाने पातळ केलेलं घाटाने दाट होतं आणि मिश्रण जवळजवळ १९९१ च्या जागी येतं. घाट उतरला की पुन्हा पातळ. माझ्या गाडीत मी मूळच्यापेक्षा मोठा जेट घातला आहे, आणि त्यात सीझच्या आठवणीइतकाच उसाचाही वाटा आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास संपला. आता हवा सेन्सर मोजतो, पेट्रोल इंजेक्टर सोडतो, घाटाचा हिशेब संगणक करतो. ते उत्तम आहे, रोज ऑफिसला मी तशीच गाडी नेतो. पण त्या गाडीत घेतलेला निर्णय भिंगातून वाचता येत नाही.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि बदली कार्बोरेटर आणला असेल, तर एक विनंती. जुना भंगारात टाकण्याआधी खोला. मेन जेट, पायलट जेट, नीडल, नीडलची नळी, स्लाइडची खाच, क्लिप कितव्या खाचेत होती आणि स्क्रू किती फेरे सोडलेला होता, एवढं भिंगातून वाचून वहीत उतरवा. जमल्यास ते पान गाडीच्या आरसी बुकात ठेवा.